टूल ओपन सोर्स करताय? ‘पब्लिक’ दाबायच्या आधी हा क्रम पाळा

अंधेरीला शनिवारी आमचा अड्डा जमतो, सात-आठ जण, कोण पेन-टेस्टिंगवाला (परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघणारा), कोण कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) बसवणारा, एकदोन अजून कॉलेजात. तिथे एकच घोळ इतक्यांदा बघितला की शेवटी लिहायलाच बसलो. टूल बनवायचं महिनोन्‌महिने आणि पब्लिश करायचं रात्री दोनला, अर्धवट झोपेत. मग सकाळी कोणीतरी विचारतं, ‘अरे यात एनक्रिप्शन आहे ना, परदेशात जाणार म्हणजे निर्यातीची परवानगी लागते ना याला?’ की लगेच घाबरून रेपो (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) प्रायव्हेट, नाहीतर लायसन्समध्ये ‘शत्रूराष्ट्रांनी वापरू नये’ अशी एक ओळ टाकायची आणि देशसेवा झाली म्हणून चहा प्यायला जायचं. दोन्ही चूक, आणि दुसरी जास्त चूक, का ते तिसऱ्या टप्प्यात.

एनक्रिप्शन, नेटवर्क स्कॅनिंग, कारखान्याच्या कंट्रोल सिस्टिम, नकाशे, ड्रोन, यातलं काही करत असाल तर हे तुमच्यासाठी. बाकीच्यांनी चौथा टप्पा तेवढा वाचला तरी चालेल, तो सगळ्यांनाच लागू आहे.

उदाहरण म्हणून एका मित्राचं मॉडबस तपासायचं टूल घेतो. पंप, व्हॉल्व्ह, मीटर एकमेकांशी बोलतात त्यातली ही जुनी भाषा, पोर्ट ५०२, आणि मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड ही भानगडच नाही, जो जोडला जाईल त्याचं मुकाट ऐकतं. त्यामुळे टूल कामाचं पण आहे आणि धोक्याचं पण.

## टप्पा १: आधी एक कागद भरा

कोड उघडू नका, कागद घ्या. त्यावर एवढं लिहा: टूल काय करतं ते एका वाक्यात, कुठल्या क्रिप्टो (म्हणजे एनक्रिप्शनच्या) लायब्ररी आहेत आणि की किती बिटची, रेपोत कोड सोडून काय काय पडलंय (सॅम्पल फाइल, स्क्रीनशॉट, कॉन्फिग), कोणाकोणाने कोड लिहिला, आणि पब्लिक रेपोबाहेर कोणाला काही वेगळं देणार आहात का.

शेवटचा प्रश्न लोक हमखास सोडतात, आणि अडचण बहुतेक वेळा तिथूनच येते.

तपासा: ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या वेळेत लिहिलंय का? असेल तर ऑफर लेटर काढून वाचा, कोड तुमचा नसूही शकतो. कंपनीकडून लेखी होकार घ्या, व्हॉट्सॲपवरचा ‘हो रे टाक’ पुरत नाही.

## टप्पा २: तुमचं टूल कुठल्या खान्यात बसतं ते शोधा

लोक इथे उलट्या बाजूने सुरू करतात. पहिला प्रश्न ‘कुठल्या देशात जाईल?’ हा नाही, पहिला प्रश्न ‘वस्तू कुठली आहे?’ हा आहे. वस्तू यादीत आहे का ते कळल्यावर मग देश आणि माणूस.

आपल्याकडे ती यादी, म्हणजे निर्यातीआधी परवानगी लागणाऱ्या वस्तू आणि सॉफ्टवेअरची, स्कोमेट नावाची, डीजीएफटीची (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय). सॉफ्टवेअरवाल्यांना त्यातली मुख्यतः कॅटेगरी ८ बघायची असते. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात (शस्त्रं आणि लष्करातही चालतील अशा वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा अनेक देशांचा गट) गेला, आणि ही कॅटेगरी त्या कराराच्या यादीशी जुळवलेली आहे, त्यामुळे वासेनारची कागदपत्रं वाचली की स्कोमेटची भाषा बरीच कळते. कॅटेगरी ८ मध्ये कॉम्प्युटर ४ नंबरला आणि इन्फर्मेशन सिक्युरिटी ५ च्या भाग २ मध्ये, पुढे-मागे अक्षर बदलतं, ए म्हणजे वस्तू, डी म्हणजे सॉफ्टवेअर, ई म्हणजे तंत्रज्ञान. एवढं कळलं की पन्नास पानं चाळायची गरज नाही.

एनक्रिप्शनचा उंबरठा ऐकून लोक दचकतात: सिमेट्रिक की ५६ बिटच्या वर, आरएसए ५१२ बिटच्या वर, एलिप्टिक कर्व्ह ११२ बिटच्या वर. म्हणजे साधं एईएस-१२८ (एनक्रिप्शनची रोजच्या वापरातली पद्धत) वापरलं तरी तुम्ही उंबरठा ओलांडलात! पण लगेच घाबरू नका. क्रिप्टो नुसता लॉगिन तपासायला किंवा डिजिटल सहीपुरता असेल, मजकूर लपवायला नसेल, तर तो या खान्यात धरत नाहीत. शिवाय टप्पा ३ मधली सूट आहेच.

दुसरा खाना घुसखोरी सॉफ्टवेअरचा, वासेनारमध्ये तो २०१३ साली आला. तेव्हा जगभरचे सिक्युरिटीवाले चिडले होते कारण बग कळवणारा भला माणूसही त्यात अडकत होता, मग २०१७ च्या शेवटी दुरुस्ती झाली आणि भोक (सुरक्षेतली त्रुटी) संबंधितांना कळवणं आणि सायबर घटनेला तोंड देणं यासाठीची तांत्रिक माहितीची देवाणघेवाण बाहेर काढली. नुसता पोर्ट स्कॅनर यात येत नाही. यादीत मुख्यतः घुसखोरी सॉफ्टवेअर तयार करणारी, चालवणारी, पोचवणारी यंत्रणा आहे, म्हणजे कमांड सर्व्हर टाइपचा माल.

तिसरा, कॅटेगरी ६, लष्करासाठी खास बनवलेलं. ड्रोनवाल्यांनो, तुमच्या कोडमध्ये टार्गेट लॉक किंवा पेलोड सोडणं असलं काही असेल तर इथेच थांबा. याचं निर्यातीचं लायसन्स संरक्षण उत्पादन विभागाकडून येतं, आणि पब्लिक रेपोत टाकलं म्हणजे सुटलो असं अजिबात धरून चालू नका. आधी सल्ला, मग कोड.

आणि यादीत काहीच सापडलं नाही तरी २००५ चा डब्ल्यूएमडी (सर्वसंहारक अस्त्रांचा) कायदा आहे. समोरचा माणूस अण्वस्त्रं, रासायनिक-जैविक शस्त्रं किंवा क्षेपणास्त्रांसाठी वापरणार आहे हे माहीत असून दिलंत तर यादीत नसलेली वस्तूही अडकते.

तपासा: कागदावर एक ओळ लिहिता आली पाहिजे, ‘आमचं टूल अमुक खान्यात बसतं किंवा बसत नाही, कारण अमुक.’ कारण लिहिता येत नसेल तर तुम्ही यादी वाचलेली नाही, नुसती स्क्रोल केलीय.

## टप्पा ३: ‘पब्लिक डोमेन’ या शब्दाचा घोळ सोडवा

सगळ्यात जास्त माती इथे खातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॉपीराइटच्या भाषेत पब्लिक डोमेन म्हणजे मालकी संपलेलं किंवा सोडलेलं. एक्सपोर्ट कंट्रोलच्या भाषेत तोच शब्द पण अर्थ वेगळा, पुढे पसरवण्यावर बंधन न घालता उपलब्ध केलेलं. कॉपीराइट असला तरी हरकत नाही, तसं व्याख्येतच लिहिलंय. म्हणजे एमआयटी, अपाची, जीपीएल, कुठलंही नेहमीचं लायसन्स लावून खुलं ठेवलंत तर कॅटेगरी ८ मधलं तुमचं एनक्रिप्शन टूल या सुटीत बसतं. मालकी सोडायची गरज नाही.

आता ती ‘शत्रूराष्ट्रांनी वापरू नये’वाली ओळ. ती टाकली की काय होतं बघा. ओपन सोर्सच्या व्याख्येचं ५ वं कलम माणसामाणसांत भेद करू नका म्हणतं, ६ वं कामाच्या क्षेत्रांत भेद करू नका म्हणतं, म्हणजे टूल ओपन सोर्स राहिलंच नाही आणि डेबियनसारख्या लिनक्सच्या मोठ्या संचात मुख्य भागात घेणार नाहीत. वर ‘बंधन न घालता’ या शब्दांनाच तुम्ही स्वतः तडा दिलात, म्हणजे ज्या सुटीवर उभे आहात तीच खालून पोखरली. आणि ज्याची भीती आहे तो गडी लायसन्स वाचून वापरतो का? कुंपण स्वतःच्याच अंगणात घातल्यासारखं आहे हे.

अडवायचं असेल तर काय बाहेर सोडायचं ते ठरवताना अडवा, सोडल्यानंतर लायसन्समध्ये नाही.

सुटीच्या बाहेर काय पडतं ते लक्षात ठेवा, कारण इथे फसगत होते:

- प्रायव्हेट रेपो, आणि ‘फॉर्म भरा, आम्ही मंजूर केलं तर लिंक देऊ’ असलं डाउनलोड.
- एकाच ग्राहकासाठी बनवलेला वेगळा बिल्ड (टूलची तयार प्रत), भले मूळ कोड पब्लिक असो.
- अजून पब्लिश न झालेली ब्रांच.
- परदेशातल्या टीमला कॉलवर स्क्रीन शेअर करून दिलेली आतली माहिती, जी कुठेच छापलेली नाही.

आमच्यातल्या एकाने दुबईच्या क्लायंटला झिप मेल केली, पब्लिश करायच्या चार दिवस आधी. त्याचं म्हणणं, चार दिवसांनी तर पब्लिकच होणार होतं ना! होणार होतं, झालं नव्हतं. मेल गेला त्या क्षणी ती निर्यातच, कारण मेलने पाठवणं, क्लाउडवरची लिंक देणं हे सगळं निर्यातीत धरतात, बोटीवर खोका चढवावा लागत नाही.

तपासा: क्रम एकच, आधी सगळ्यांसाठी खुलं, मग कोणालाही लिंक. उलटं कधीच नाही.

## टप्पा ४: सॅम्पल डेटा आणि गिटची हिस्ट्री साफ करा

कोडपेक्षा बाजूला पडलेल्या फाइली जास्त घातक असतात, हे माझं ठाम मत झालंय.

मॉडबसवाल्या मित्राच्या रेपोत एक फाइल होती, ‘सॅम्पल-फायनल-२’ नावाची, नेटवर्क कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवर काय काय गेलं त्याची नोंद. टूल कसं चालतं ते दाखवायला ठेवलेली. मी सहज वायरशार्कमध्ये (अशी नोंद वाचायचं टूल) उघडली तर आत एका क्लायंटच्या पंपिंगच्या जागेचे खरे आयपी, कुठला रजिस्टर (मॉडबसमधला आकड्याचा कप्पा) कुठल्या व्हॉल्व्हचा ते स्पष्ट दिसणारं, आणि मध्येच कोणीतरी पॅनेलवर ब्राउझरने लॉगिन केलेलं, तेही साध्या एचटीटीपीवर. पासवर्ड बेस६४ मध्ये होता, म्हणजे लपवलेला नाही, नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला. मित्र म्हणतो, ‘पण तो एनकोड केलेला आहे ना.’ मी त्याच्यासमोर उलटा करून दाखवला, दोन सेकंद लागले. नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

बरं, त्याने काय केलं, फाइल डिलीट करून नवा कमिट मारला. गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणारी यंत्रणा) त्याचा उपयोग शून्य, जुन्या कमिटमध्ये म्हणजे बदलाच्या नोंदीत फाइल तशीच बसलेली असते, कोणीही मागे जाऊन काढू शकतो. म्हणून हे असं करा:

१. पब्लिश करायच्या आधी पूर्ण हिस्ट्री तपासा, राहिलेले पासवर्ड-टोकन शोधणारं गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग चालवा.
२. सापडलेली फाइल गिट फिल्टर-रेपोने सगळ्या हिस्ट्रीतून काढा. एवढा व्याप नको असेल तर सरळ नवा रेपो, पहिला कमिट स्वच्छ.
३. उघडा पडलेला प्रत्येक पासवर्ड, टोकन, की बदला. हिस्ट्रीतून काढलं म्हणून बदलायचं नाही, असं नाही.
४. सॅम्पल डेटा स्वतः तयार करा, लॅबमधल्या सिम्युलेटरवर. खऱ्या साइटचा डेटा ‘थोडा पुसून’ वापरू नका, काहीतरी राहतंच.

गिटहबचं (रेपो ठेवायची वेबसाइट) पुश प्रोटेक्शन ओळखीची टोकनं पकडतं हे खरं, पण कॅप्चर फाइलमधलं व्हॉल्व्हचं रजिस्टर त्याला काय कळणार.

नकाशेवाल्यांना वेगळं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२१ च्या जिओस्पेशियल मार्गदर्शक सूचनांनी बरंच मोकळं केलं, आधीसारखी परवानग्यांची रांग राहिली नाही, पण आडवं १ मीटर आणि उभं ३ मीटर यापेक्षा जास्त अचूक डेटा फक्त भारतीय संस्थांसाठी आणि तोही भारतातच साठवायचा. टूल जगाला द्या, पण सोबत डेमो म्हणून ड्रोनने काढलेला दहा सेंटीमीटरचा डेटा जोडू नका. आणि डेमोसाठी ट्रॉम्बे किंवा माझगावच्या गोदीची बाजू कशाला निवडायची? शिवाजी पार्क घ्या की.

सावधान: हा टप्पा पब्लिश करायच्या आधीच. लायसन्स नंतर बदलता येतं, फोर्क झालेली, म्हणजे दुसऱ्याने स्वतःकडे कॉपी केलेली फाइल परत येत नाही.

## टप्पा ५: धार कुठे आहे ते बघा आणि डिफॉल्ट बदला

मॉडबसमध्ये फंक्शन १ ते ४ नुसतं वाचतात. ५, ६, १५, १६ लिहितात, म्हणजे पंप बंद करू शकतात. मित्राच्या टूलमध्ये सगळी एकाच मेनूत होती, चुकून एक आकडा दाबला की गेलं.

आम्ही डिफॉल्ट फक्त वाचण्याचं ठेवलं. लिहायची फंक्शन वेगळ्या मॉड्यूलमध्ये, चालवताना स्वतः झेंडा (कमांडमधला जादा पर्याय, फ्लॅग) लावावा लागतो आणि लक्ष्याचा पत्ता पुन्हा टाइप करावा लागतो. एकदम पूर्ण रेंजवर लिहायची सोय काढूनच टाकली, कारण टेस्टिंगसाठी ती कोणाला लागते ते आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. हल्लेखोर ती स्वतः दहा ओळींत लिहील, मान्य, पण नवशिक्याच्या हातून होणारा घोटाळा तरी थांबतो आणि खऱ्या वापरणाऱ्याचं काही अडत नाही. प्रत्येक फीचरला हाच प्रश्न विचारा, बचाव करणाऱ्याला याचा उपयोग काय? उत्तर आलं तर ठेवा.

## टप्पा ६: बनवताना भोक सापडलं असेल तर ते आधी कळवा

टूल टेस्ट करताना कोणाच्या तरी उपकरणात भोक सापडतंच. त्याचा एक्सप्लॉइट (भोकाचा फायदा घेणारा कोड) टूलमध्ये घालून एकदम पब्लिश करू नका. आधी उत्पादकाला, सोबत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था). वीज, बँक, टेलिकॉम, वाहतूक असल्या क्षेत्रातली सिस्टिम असेल तर एनसीआयआयपीसीला (देशाच्या कळीच्या यंत्रणा जपणारी सरकारी संस्था) पण. सर्ट-इन सीव्हीई नंबर (भोकांच्या जागतिक यादीतला क्रमांक) देऊ शकतं, त्यामुळे परदेशी दारं ठोठवायची गरज नाही. दुरुस्तीसाठी ९० दिवस देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण कारखान्यातली उपकरणं पॅच व्हायला शटडाउनची वाट बघावी लागते, तेव्हा तारीख बोलून ठरवा.

सावधान: टेस्ट स्वतःच्या लॅबमध्येच. इंटरनेटवर उघडं दिसतंय म्हणून दुसऱ्याच्या सिस्टिमला जोडून बघणं आयटी कायद्याच्या कलम ६६ मध्ये येऊ शकतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ७० खाली प्रोटेक्टेड जाहीर झालेली सिस्टिम असेल तर नुसत्या प्रयत्नाला १० वर्षांपर्यंत. ‘मी फक्त वाचलं, लिहिलं नाही’ हे तिथे चालत नाही.

## टप्पा ७: होस्टिंगच्या देशाचा कायदा, थोडक्यात

गिटहब अमेरिकन, म्हणून तिथला नियमही चिकटतो. पब्लिक सोर्स कोडमध्ये एनक्रिप्शन असेल तर पूर्वी बीआयएस (अमेरिकेचं निर्यात नियंत्रण बघणारं खातं) आणि एनएसएला (तिथली गुप्तचर संस्था) ईमेल करावा लागायचा. मार्च २०२१ पासून तो फक्त नॉन-स्टँडर्ड क्रिप्टोसाठी लागतो. म्हणजे एईएस वापरा आणि निवांत रहा, स्वतःचा अल्गोरिदम शोधून काढलात तर ईमेल करा (आणि मुळात स्वतःचा अल्गोरिदम काढू नका).

अमेरिकेचे निर्बंध असलेल्या भागातला कोणी सहकारी असेल तर काम पब्लिक रेपोतच ठेवा. २०१९ मध्ये इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांचे प्रायव्हेट रेपो एका झटक्यात बंद झाले होते, इराणचं २०२१ मध्ये सुटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनर (कोड सांभाळणाऱ्यांच्या) यादीतून काही रशियन नावं निघाली, कोड मात्र सगळ्यांना खुलाच राहिला. म्हणून एकाच माणसाच्या खात्यावर प्रोजेक्ट टांगू नका, आणि दुसरीकडे एक आरसा-कॉपी ठेवा.

## टप्पा ८: रिलीज आणि चाव्या

मार्च २०२४ चं एक्सझेड (लिनक्समधलं फाइली दाबून लहान करायचं टूल) प्रकरण आठवा. अडीच-एक वर्षं गोड बोलून, पॅच देऊन विश्वास कमावलेल्या सहमेंटेनरने ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा बसवला, आणि तो चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेला गठ्ठा) होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन (लांबच्या मशीनमध्ये शिरायचं) अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं म्हणून सापडलं.

त्यातून घ्यायचं ते एवढंच: रिलीजची फाइल गिटच्या टॅगवरून (त्या आवृत्तीची खूण), मशीननेच बनू दे, कोणाच्या लॅपटॉपवरून नको. प्रत्येक मेंटेनरला टू-फॅक्टर. मर्जला (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायला) दोन माणसं. आणि एसबॉम (आत सॉफ्टवेअरचे कुठले भाग आहेत त्याची यादी) जोडा, सर्ट-इनने त्यावर २०२४ मध्ये सूचना काढल्यात, सरकारी किंवा बँकेतला ग्राहक आज ना उद्या मागणारच.

तपासा: टॅगवरचा कोड आणि रिलीजची फाइल, दोन्ही उघडून डिफ मारा, म्हणजे फरक तपासा. दर रिलीजला. कंटाळा आला तरी.

## टप्पा ९: पब्लिश झाल्यावर येणारे मेल

पहिले दोन महिने शांत जातात. मग मेल येतो, बहुतेक वेळा फार नम्र, ‘आपलं टूल उत्तम आहे, आम्हाला लिहायची मर्यादा काढलेला खास बिल्ड हवाय, पैसे देऊ.’ कंपनीची वेबसाइट नसते, किंवा असते ती गेल्या आठवड्यात बनवलेली.

इथे पब्लिकची सूट संपली. देश, शेवटचा वापरणारा, वापर, तिन्ही लेखी मागा. जो टाळतो त्याला नाही म्हणा. जो सांगतो, आणि वस्तू यादीत बसते, त्याच्यासाठी डीजीएफटीकडे स्कोमेटचा अर्ज करा, ऑनलाइन, आयईसी (आयात-निर्यात कोड) आधी काढून ठेवा, आणि समोरच्याकडून एंड-यूज सर्टिफिकेट घ्या. त्याशिवाय ते पुढे सरकत नाही. या ठिकाणी फुकटचा सल्ला नको, एक्सपोर्ट कंट्रोल कळणारा वकील गाठा, माझा लेख दाखवून चालणार नाही.

टप्पा १ चा कागद, टप्पा २ ची ती एक ओळ, आलेले मेल, दिलेली उत्तरं, सगळं एका फोल्डरमध्ये ५ वर्षं ठेवा. मित्राला असा मेल आला तेव्हा त्याने उत्तरात चार ओळी लिहिल्या: टूल सगळ्यांसाठी जसं आहे तसंच मिळेल, वेगळा बिल्ड देत नाही, फीचर हवं असेल तर पब्लिक इश्यू उघडा, वापर काय ते तिथेच लिहा. इश्यू आजपर्यंत उघडलेला नाही.